कायदा झाला, पण तो आपल्या विम्याला लागू आहे का? कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्यांसाठी

अमुक उपचाराचा खर्च देणे विमा कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक झाले, अशी बातमी कॅलिफोर्नियात दर वर्षी येते, आणि ती वाचून निर्धास्त झालेली काही मराठी कुटुंबे पुढे क्लेम नाकारला गेला की गोंधळून विचारपूस करू लागतात. त्या गोंधळातून मीही गेलो आहे. ऑटिझमसाठीची वर्तनोपचार पद्धती विम्यात समाविष्ट करणारा कायदा येथे १ जुलै २०१२ पासून अमलात आला, तेव्हा माझ्या मुलाला तिची गरज होती. विमा कंपनीचे उत्तर दोन ओळींचे होते: आपल्या एम्प्लॉयरची योजना सेल्फ-फंडेड असल्यामुळे राज्याचा हा कायदा तिला लागू होत नाही.

भारतात विम्याचे नियमन हैदराबादच्या आयआरडीएआयकडे एकवटलेले असल्याने विमा म्हणजे केंद्राचा विषय, ही समजूत आपण सामानासोबत घेऊन येतो. अमेरिकेत १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचे नियमन राज्यांकडे राहू दिले, आणि म्हणून कोणता उपचार विम्यात असलाच पाहिजे हे प्रत्येक राज्याचे विधिमंडळ वेगवेगळे ठरवते. अशा सक्तीला येथे मँडेट म्हणतात. मात्र १९७४ च्या एरिसा या संघीय कायद्यामुळे, जो एम्प्लॉयर कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून करतो आणि विमा कंपनीला केवळ कागदपत्रे सांभाळण्यासाठी नेमतो, त्याच्या योजनेवर, म्हणजेच सेल्फ-फंडेड योजनेवर, राज्याचे मँडेट चालत नाहीत. आपल्यापैकी बरेच जण ज्या मोठ्या कंपन्यांत नोकरीला असतात, त्यांच्या योजना बहुधा अशाच असतात. कार्डावर नामांकित विमा कंपनीचे नाव असले तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

नव्या मँडेटची व्याप्ती समजून घेण्याची एक चांगली सोय या राज्यात आहे, आणि आपल्या लोकांना ती सहसा ठाऊक नसते. विधेयक मंजूर होण्याआधी त्याची तटस्थ छाननी व्हावी म्हणून २००२ मध्ये एबी १९९६ हा कायदा झाला आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे ते काम सोपवण्यात आले. या उपक्रमाचे नाव कॅलिफोर्निया हेल्थ बेनिफिट्स रिव्ह्यू प्रोग्रॅम असे असून विधिमंडळाने विचारणा केल्यावर विद्यापीठाचे प्राध्यापक आणि विमागणिती साधारण ६० दिवसांत अहवाल देतात. उपचार गुणकारी असल्याचा पुरावा किती भक्कम आहे, हप्ता आणि रुग्णाच्या खिशातला खर्च किती बदलेल आणि सार्वजनिक आरोग्यावर काय परिणाम होईल, हे त्यात तपासलेले असते. विधेयक मंजूर करावे की नाही, यावर मात्र अहवाल मत देत नाही. या कामाचा खर्च विमा योजनांवरील वार्षिक आकारणीतून भागतो, म्हणजे अप्रत्यक्षपणे आपणच तो देत असतो, तेव्हा अहवाल वाचायला संकोच नको. विधेयक कोणत्या प्रकारच्या योजनांना लागू होईल, हे त्यात सुरुवातीलाच सांगितलेले असते, आणि आपल्याला नेमके तेवढेच हवे असते. अंतिम कायद्यात फेरबदल झालेले असू शकतात, एवढे ध्यानात ठेवावे.

वंध्यत्वावरील उपचारांचा एसबी ७२९ हा कायदा ताजे उदाहरण आहे. २०२४ मध्ये त्यावर सही झाली, पण अंमलबजावणी पुढे ढकलली जाऊन १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरली. मोठ्या गटाच्या, म्हणजे १०० पेक्षा अधिक कर्मचाऱ्यांच्या, राज्य-नियंत्रित योजनांवर आयव्हीएफची सक्ती आहे. लहान गटाच्या बाबतीत विमा कंपनीने ती सोय देऊ करायची, एवढेच बंधन आहे, आणि घ्यायची की नाही हे मालक ठरवतो. सेल्फ-फंडेड योजना येथेही बाहेरच राहतात.

म्हणून नोकरी लागताच एचआरला लेखी विचारावे: ही योजना सेल्फ-फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड (म्हणजे उपचारांचा खर्च विमा कंपनी सोसते आणि राज्याचे नियम लागू होतात अशी)? एकाच कंपनीत दोन्ही प्रकार असू शकतात. मला वर्षभर उपचारांचा खर्च स्वतः सोसावा लागला. पुढच्या ओपन एनरोलमेंटमध्ये, म्हणजे योजना बदलण्याच्या वार्षिक मुदतीत, त्याच एम्प्लॉयरची फुली इन्शुअर्ड एचएमओ (ठरावीक डॉक्टर-रुग्णालयांच्या जाळ्यातली) योजना निवडली, तेव्हा कुठे मुलाचे उपचार विम्यात बसले. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स किंवा वॉशिंग्टन राज्यात जाणाऱ्यांनी तिथली छाननीची व्यवस्था निराळी आहे हे लक्षात घ्यावे. एरिसाची अडचण मात्र सगळीकडे सारखीच.

उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही असे सांगून नकार आला, तर राज्य-नियंत्रित योजनेतील सदस्याला आधी योजनेकडे तक्रार करून नंतर डिपार्टमेंट ऑफ मॅनेज्ड हेल्थ केअर या राज्याच्या आरोग्ययोजना नियामकाकडे किंवा राज्याच्या विमा खात्याकडे, योजना ज्याच्या अखत्यारीत असेल तिथे, स्वतंत्र वैद्यकीय फेरतपासणी मागता येते. ती विनामूल्य असते आणि निर्णय योजनेवर बंधनकारक असतो. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. सेल्फ-फंडेड योजनेत संघीय नियमांनुसार बाह्य फेरतपासणी मिळते, पण तिची मुदत चार महिन्यांची आहे. दोन्ही मुदती नकाराच्या पत्रापासून मोजल्या जात असल्याने ते पत्र पाकिटासह जपून ठेवावे.