रुंद टायर बसवण्याआधी ओळंबा आणि चिकणमाती

पहिल्यांदा रुंद टायर बसवले तेव्हा मी एवढंच केलं: गाडी सपाट जमिनीवर, आत कोणी नाही, मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बोट घालून पाहिलं. बोट गेलं, मी खूश. त्याच संध्याकाळी मागच्या सीटवर तिघं बसली आणि पहिल्याच खड्ड्यात खर्रर्र असा आवाज आला. चाक काढलं तर टायरच्या बाहेरच्या खांद्यावर सुरीनं कापल्यासारखी गोल रेघ. मडगार्डची आत दुमडलेली कड तितकी धारदार असते, हे तेव्हा कळलं.

तेव्हापासून "किती रुंद टायर बसेल?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारते: वाढलेली रुंदी आत जाणार की बाहेर? ते ठरतं ऑफसेटवर, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं त्या मापावर. रिमवर ईटी लिहून पुढे आकडा असतो. रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टनं बसतं तो भाग) टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर दूर आहे, ते तो सांगतो. आकडा लहान झाला की चाक तितकंच बाहेर सरकतं. दुसरा आकडा रिमच्या रुंदीचा, 6जे किंवा 7जे, इंचांत.

माझंच उदाहरण घ्या. मूळ रिम 6जे, ईटी 45. नवं 7जे, ईटी 38. एक इंच म्हणजे 25.4 मिमी, अर्धं आत, अर्धं बाहेर: 12.7 प्रत्येकी. शिवाय ऑफसेट 7 नं कमी. म्हणजे बाहेर 12.7 अधिक 7, जवळजवळ 20 मिमी, आत 12.7 उणे 7, साधारण 6 मिमी. दुकानात "एकच इंच वाढतोय" म्हणतात, आणि बाहेरच्या कडेला त्यातलं पाऊण इंचाहून जास्त येतं. हा हिशोब रिमचा. टायरचा फुगवटा वेगळा: रिम अर्धा इंच रुंद झालं की तोच टायर साधारण 5 मिमी रुंद होतो.

उंचीही बघा. 185/65 आर15 चा व्यास 621.5 मिमी, 205/55 आर16 चा जवळपास 632. फरक पावणेदोन टक्के, चालतो. मी तीन टक्क्यांच्या आत राहते, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो आणि वरची जागा खाल्ली जाते. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. 88 म्हणजे एका टायरला 560 किलो, 91 म्हणजे 615. पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), नटची बैठक आणि रिमचं मधलं भोक हबशी जुळलं पाहिजे; भोक मोठं असेल तर रिंग घाला, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं.

आता मोजणी. बाहेरच्या बाजूला गवंड्याचा ओळंबा वापरते. दोरा मडगार्डच्या कडेवर वरच्या मध्यावर धरायचा, वजन खाली सोडायचं आणि दोऱ्यापासून टायरच्या सर्वांत फुगलेल्या भागापर्यंतचं अंतर पट्टीनं घ्यायचं. नव्या टायरचं बाहेर सरकणं त्यातून वजा करा. उरलं ते शून्याजवळ असेल तर विसरा. टायर बॉडीबाहेर डोकावणं बऱ्याच देशांत कायद्याला चालत नाही, चिखल उडतो तो वेगळाच.

आतल्या बाजूला शॉकअप आणि टायरच्या मध्ये पट्टी जात नाही. तिथे चिकणमातीचा गोळा शॉकअपवर थापायचा, चाक बसवून हातानं एक फेरा फिरवायचा, काढायचं. दबलेल्या मातीची जाडी म्हणजे शिल्लक जागा. हे करताना गाडी स्टँडवर हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका.

माझ्या हातून राहिलेली पायरी इथे आहे. नवी चाकं बसवल्यावर डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक मजबूत रॅम्पवर चढवा, मागे माणसं बसवा. आता ही दोन चाकं मडगार्डमध्ये घुसलेली असतात. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घ्या आणि टॉर्चनं बघा. मग उलटी जोडी. खड्ड्यात सस्पेन्शन याहूनही खाली बसतं, म्हणून इथे मी किमान 10 मिमी शिल्लक मागते. पुढची चाकं बहुधा लायनरला, म्हणजे मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला, मागच्या कोपऱ्यात घासतात. तिथलं प्लास्टिक गरम करून मागे दाबलं की काम होतं.

कड घासत असेल तर ती आत दाबून घेता येते. चाक काढून हबवर फेंडर रोलर बसवतात. आधी हीट गननं रंग कोमट करायचा, कारण थंड रंग तडकतो. मग रोलर थोडा थोडा घट्ट करत कमानीवरून अनेक फेरे. घाई केली की बाहेरचा पत्रा लाटांसारखा होतो. टायर आणि कडेच्या मध्ये दांडकं अडकवून गाडी पुढेमागे करणारे उत्साही लोक असतात. त्यांचा पत्रा बघा, मग ठरवा. मागच्या कमानीत दोन पत्रे कडेला वेल्डिंगनं जोडलेले असतात, त्यामुळे ग्राइंडरनं कड उडवली तर जोडच सुटतो. दाबल्यावर आतलं सीलर फुटलं असेल तर नवं लावा, नाहीतर पाणी शिरून गंज धरतो.

स्पेसरबद्दल, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये घालायच्या चकतीबद्दल, थोडक्यात: 5 मिमीच्या स्पेसरनं ऑफसेट 5 नं कमी होतो, गणित तेच. नटला बोल्टचे पुरेसे आटे मिळतात का तेवढं मोजा. चाक फार बाहेर गेलं की बेअरिंगवर ताण वाढतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग हातात ओढ घेतं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, वाढवून वरची कड आत घ्यायचा सल्ला मिळेल. त्यात टायरची आतली बाजू आधी संपते.

सगळं बसल्यावर मडगार्डच्या आतल्या कडेवर खडू चोळा आणि माणसं भरून 100 किलोमीटर चालवा. मग नट पुन्हा टॉर्क पान्यानं आवळा आणि खडू बघा. एखाद्या ठिकाणी तो पुसला गेला असेल, तर तिथे अजून काम बाकी आहे.