एफटीसी स्पर्धेला निघताना: बिल्ले कुणाकडे, काम कुणाचं

फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे सगळे जिला एफटीसी म्हणतात त्या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेत एका सामन्याला एका संघाची जास्तीत जास्त चार माणसं मैदानाशी उभी राहू शकतात: दोन ड्रायव्हर, खेळाचं साहित्य हाताने हाताळणारा एक ह्यूमन प्लेअर आणि सूचना देणारा एक ड्राइव्ह कोच. संघात मात्र पंधरापर्यंत मुलं असू शकतात. उरलेल्या अकरा जणांनी कुठे असायचं हे आधी ठरलं नसेल, तर सगळे सामन्याच्या रांगेच्या तोंडाशी गोळा होतात आणि स्वयंसेवक त्यांना मागे पाठवतात. ज्याच्याकडे चार्ज केलेली बॅटरी आहे तो मुलगाही नेमका त्या मागे पाठवलेल्यांत असतो. म्हणून तयारीच्या यादीची सुरुवात रोबोटपासून नको, माणसांपासून करा.

स्पर्धेच्या दोन आठवडे आधी एक मोठा कागद घ्या आणि प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहा, एक मुख्य आणि एक बदली. बदली नाव नुसतं कागदावर असून चालत नाही. त्या मुलाने किमान दहा पूर्ण सराव सामने खेळलेले असावेत, घड्याळ लावून: 30 सेकंद स्वयंचलित, मग कंट्रोलर उचलायला मिळणारे 8 सेकंद, मग 2 मिनिटं हाताने चालवणं. ड्रायव्हर आणि ह्यूमन प्लेअर विद्यार्थीच असावे लागतात. कोच मोठा माणूस चालतो. तरीही आमचं मत स्पष्ट आहे: कोचही विद्यार्थीच असू द्या. सर किंवा मॅडम शेजारी उभ्या असल्या की ड्रायव्हरची नजर रोबोटवरून उठून त्यांच्या चेहऱ्याकडे जाते, आणि दोन मिनिटांच्या खेळात तेवढंही परवडत नाही.

याच दोन आठवड्यांत कागदपत्रं उरका. प्रत्येक मुलाची नोंदणी आणि पालकांची संमती फर्स्टच्या संकेतस्थळावरच्या डॅशबोर्डवर पूर्ण झाली आहे का ते एकेक नाव उघडून पाहा. संघाची यादी छापून दोन प्रती ठेवा, कारण चेक-इनच्या टेबलावर तीच मागतात. नेहमीची अडचण साधी असते: पालकांना इमेल गेलेला असतो, पण त्यांनी तो उघडलेला नसतो. आठवडाभर आधी फोन केला तर पाच मिनिटांत काम होतं. स्पर्धेच्या सकाळी सभागृहात रेंज नसताना तेच काम तास खातं. शाळेची ओळखपत्रंही सोबत असू द्या.

आता मैदानाशी उभं राहणाऱ्या चौघांना लावाव्या लागणाऱ्या बिल्ल्यांकडे वळू. ते आयोजक देणार की संघाने छापून आणायचे, हे आयोजकांच्या इमेलमध्ये शोधा आणि सापडलं नाही तर विचारून घ्या. बिल्ले दोनच प्रकारचे असतात. दोन्ही ड्रायव्हर आणि ह्यूमन प्लेअर यांचा ‘ड्राइव्ह टीम’, आणि कोचचा वेगळा ‘ड्राइव्ह कोच’. म्हणजे तीन सारखे आणि एक निराळा. याचा फायदा लक्षात घ्या: दोन सामन्यांच्या मध्ये ड्रायव्हर आणि ह्यूमन प्लेअर यांनी जागा बदलल्या तर बिल्ला बदलावा लागत नाही. कोच आणि ड्रायव्हर यांनी अदलाबदल केली तर मात्र बदलावाच लागतो, आणि चूक इथेच होते. कंट्रोलर हातात धरलेल्या मुलाच्या छातीवर कोचचा बिल्ला दिसला की रेफरी थांबवणारच, कारण कोचने सामन्यात कंट्रोलरला हात लावायचा नसतो. रांगेत शिरण्याआधी चौघांनी एकमेकांच्या छातीकडे बघून मोठ्याने म्हणायचं, ‘ड्राइव्ह, ड्राइव्ह, ड्राइव्ह, कोच.’ याला पाच सेकंद लागतात.

बिल्ला शर्टाला लावा, गळ्यात लोंबता ठेवू नका. रोबोट मैदानात ठेवायला मूल वाकतं, तेव्हा गळ्यातली दोरी नेमकी इनटेकच्या, म्हणजे वस्तू आत ओढणाऱ्या भागाच्या रोलरवर किंवा चेनवर येते. रोबोट बंद असला तरी दोरी स्क्रूच्या डोक्यात अडकते, मूल झटक्यात सरळ होतं आणि सेन्सरची वायर सोबत उपटली जाते. गळ्यातली दोरी वापरावीच लागली तर मानेमागे ओढ बसताच सुटणारी घ्या आणि पुढचं टोक शर्टाच्या आत खोचा. पिनचे बिल्ले असतील तर चार जास्तीच्या सेफ्टी पिना पिटच्या, म्हणजे रोबोट दुरुस्त करायला संघाला मिळालेल्या जागेतल्या डब्यात टाका. जॅकेटला बिल्ला लावायचाच नाही, हा नियम कडक पाळा. सकाळी थंडी असते, दुपारी जॅकेट निघतं, कुणीतरी ते बॅगेत घालून प्रेक्षकांत नेऊन ठेवतं आणि पुढच्या सामन्याला बिल्ला सापडत नाही.

सामना संपला की चारही बिल्ले पिटमधल्या एकाच डब्यात जातील, कुणाच्या खिशात नाही. डब्याची जबाबदारी पिट प्रमुखाची. परीक्षकांच्या मुलाखतीला सगळा संघ उठून जातो तेव्हा डबा पिटमध्येच राहतो आणि त्याच्याजवळ एक मोठा माणूस थांबतो. मुलाखतीत बोलायचं मुलांनीच असतं, त्यामुळे मार्गदर्शक पिटमध्ये राहिल्याने काही बिघडत नाही.

सुरक्षेचा चष्मा पिटमध्ये आणि मैदानाशी दोन्हीकडे लागतो. प्रत्येक मुलाला एक, शिवाय पाहुण्यांसाठी चार जास्तीचे ठेवा. पालक पिट बघायला येतात, चष्म्याविना त्यांना बाहेर थांबावं लागतं आणि आजी-आजोबा आले असतील तर सगळ्यांनाच वाईट वाटतं. नंबरचा चष्मा असलेल्या मुलांसाठी वरून घालायचा मोठा चष्मा आधीच घालून बघा, कारण काहींच्या फ्रेमवर तो बसत नाही. बूट पुढून बंद, केस बांधलेले. चप्पल घालून आलेल्या मुलाला बिल्ला असूनही आत सोडत नाहीत.

ड्रायव्हरची स्वतःची यादी छोटी आहे, पण तीत चूक चालत नाही. ड्रायव्हर हब, म्हणजे कंट्रोलर जोडायचं पडद्याचं यंत्र, पूर्ण चार्ज असावा, कारण रांगेतल्या थांबण्यातच त्याची बॅटरी उतरते. छोटी पॉवर बँक पिटमध्ये ठेवा. हबचं नाव संघाच्या क्रमांकानंतर डीएस आणि रोबोटवरच्या कंट्रोल हबचं आरसी असं आहे ना, आणि कंट्रोल हबच्या वायफायचा मूळचा पासवर्ड बदलला आहे ना, हे रोबोटच्या तपासणीच्या आधी पाहा. कंट्रोलरवर ‘1’ आणि ‘2’ अशा पट्ट्या चिकटवा. लॉजिटेकच्या एफ310 वर स्टार्ट आणि ए एकत्र दाबलं की तो पहिला ड्रायव्हर, स्टार्ट आणि बी दाबलं की दुसरा. वायर सैल झाली तर ही ओळख पुसली जाऊ शकते. मग बटणं दाबूनही रोबोट हलत नाही आणि सगळे प्रोग्रॅमरकडे बघतात. रोबोट ठेवल्यावर शेवटची नजर हबच्या पडद्यावर टाका: दोन्ही कंट्रोलरची चिन्हं दिसतायत का, स्वयंचलितचा योग्य प्रोग्रॅम निवडलाय का. लाल बाजूचा प्रोग्रॅम निळ्या बाजूला लावणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. म्हणून प्रोग्रॅमच्या नावाची सुरुवातच ‘लाल’ किंवा ‘निळा’ अशी ठेवा. पहिल्या 30 सेकंदांत कंट्रोलर खाली ठेवलेले, हात मोकळे.

मैदानाशी उभ्या चौघांकडे मोबाइल नको, सामन्यात बाहेरच्यांशी फोनवर बोलता येत नाही. फोन पिट प्रमुखाकडे देऊन जा. आणि त्या दिवशी कुणाच्याही फोनचा हॉटस्पॉट चालू राहता कामा नये. सभागृहात स्वतःचं वायफाय उभारायला मनाई असते, आणि गर्दीच्या लहरींत रोबोटचा संपर्क तुटला तर नुकसान शेजारच्या संघाचंही होतं.

बिल्ला नसलेल्यांची कामं कमी मोलाची नाहीत, उलट निकाल बऱ्याचदा तिथेच ठरतो. बॅटरीवाला एकच असावा. 12 व्होल्ट, 3000 मिलिअँपिअर-तासांच्या किमान चार बॅटऱ्या, प्रत्येकीवर क्रमांक, आणि चार्जरवर लावल्याची वेळ लिहायला एक वही. नेहमीच्या चार्जरवर रिकामी बॅटरी भरायला दोन तासांच्या आसपास लागतात. सामन्याला जाताना मीटरवर 13 व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर ती बॅटरी नेऊ नका. एक्स्टेन्शन बोर्ड घरचा न्या, लांब वायरचा.

स्काउटिंगला, म्हणजे इतर संघांचा खेळ बघून नोंदी करायला, चार जण बसवा. मैदानात चार रोबोट असतात आणि एका माणसाने एकच रोबोट नीट बघता येतो. संध्याकाळी युतीची, म्हणजे अंतिम फेऱ्यांत सोबत खेळायच्या संघांची निवड होते तेव्हा पुढे जाणारा प्रतिनिधी विद्यार्थी असतो, त्याच्या हातात या चौघांनी केलेली यादी हवी. पसंतीच्या क्रमाने बारा संघ लिहा, कारण वरचे भराभर उचलले जातात आणि तिथे उभं राहून आठवायला वेळ मिळत नाही.

निकालाबद्दल शंका आली तर रेफरीशी बोलायची जागा ठरलेली असते, क्वेश्चन बॉक्स. तिथे ड्राइव्ह टीममधला एकच विद्यार्थी जातो, बिल्ला लावून, नियमपुस्तकात दिलेल्या मुदतीत. सर गेले तर ऐकून घेत नाहीत, व्हिडिओ दाखवला तर बघत नाहीत. जाणाऱ्या मुलाचं नाव आधीच ठरवा. शांतपणे बोलणारं मूल निवडा, चिडणारं नको. हातात चिठ्ठी असू द्या: सामन्याचा क्रमांक, नियमाचा क्रमांक, काय घडलं ते एका वाक्यात. आणि हे विसरू नका की सामना संपल्यावर बिल्ले डब्यात गेलेले असतात. क्वेश्चन बॉक्सकडे निघालेल्या मुलाने आधी पिटमध्ये जाऊन आपला बिल्ला परत लावायचा आहे.