स्लाइम मोल्डच्या बीजाणूंचा रंग अचूक कसा पाहावा

पावसाळ्यात मुंबईतल्या सोसायटीच्या बागेत कुजणारा ओंडका असेल, तर त्यावर स्टेमोनायटिस हा स्लाइम मोल्ड (बुरशीसारखा दिसणारा, पण बुरशी नसलेला जीव) सापडण्याची शक्यता चांगली असते. काळ्या चकचकीत देठांवर ब्रशच्या केसांसारखे तपकिरी झुपके दिसतात. झुपका पांढरा किंवा गुलाबी असेल तर थांबा, बीजाणू अजून पिकलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघा. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही उचलू नका.

नमुना सालीच्या तुकड्यासकट काढून हवेवर सुकवा आणि काडेपेटीच्या तळाला डिंकाने चिकटवा. सोबत सिलिका जेलची पुडी ठेवाच. मुंबईच्या दमट हवेत साधी पांढरी बुरशी चढते आणि नमुना हातचा जातो.

रंग दोनदा नोंदवायचा. आधी चिमूटभर भुकटी पांढऱ्या कागदावर घेऊन खिडकीच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली नको. मग मायक्रोस्कोपखाली सुटा बीजाणू बघा. हे दोन्ही रंग वेगळे निघतात, आणि ओळख चुकते ती बहुतेक इथेच. फायसॅरम या दुसऱ्या स्लाइम मोल्डची भुकटी काळी दिसते, पण एकेक बीजाणू जांभळट तपकिरी असतो: बीजाणूच्या भित्तीत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असतं, तरी एका पातळ भित्तीतून बराच प्रकाश पार होतो, ढिगात तो अडतो. ट्रिकिया, हेमिट्रिकिया या स्लाइम मोल्डची भुकटी पिवळी, पण सुटा बीजाणू फिकट, जवळजवळ रंगहीन.

स्लाइडवर सुईच्या टोकाने अगदी थोडी भुकटी ठेवा, त्यावर ९५ टक्के अल्कोहोलचा एक थेंब. तो उडत आला की ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून कव्हरस्लिप ठेवा. हे द्रावण त्वचेला भाजतं, हातमोजे घाला. अल्कोहोल टाळू नका: बीजाणू पाणी झटकतात, हवा अडकते, आणि बुडबुड्याची काळी कड जाड, गडद भित्तीसारखी भासते.

आधी ४०० पट, मग तेल लावून १००० पट. फोकस बीजाणूच्या मध्यावर आणला की भित्तीची कड दिसते. वर सरकवला की पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे किंवा जाळी. गडद बीजाणूंच्या अनेक जातींत एक बाजू फिकट असते, भित्ती तिथे पातळ असते. ती बाजू वर आली तर अख्खा बीजाणू फिकट वाटेल, म्हणून निदान वीस बीजाणू तपासा.

भुकटीत पांढरे कण दिसले तर तो चुना असू शकतो, रंगद्रव्य नव्हे. वेगळ्या स्लाइडवर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे फुटले की चुनाच.