उन्हाळ्यांना, म्हणजे गरम झऱ्यांना, जाताना थर्मामीटर घ्या

थंडीत जा, डिसेंबर-जानेवारीत, आणि चिपळूणहून पहाटेच निघा. महामार्गाने तासाभराच्या आत आरवली येतं. उजाडायच्या आत पोचलात तर तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर वाफ दिसते. ऊन वर आलं की गेली. बावीस वर्षं भूगोल शिकवला, दर थंडीत मुलांना इथं आणलं, आणि वाफ पाहून गप्प न झालेला वर्ग मला आठवत नाही.

गावांची नावं आधी वाचा: पालीजवळचं उन्हेरे, दापोलीतलं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी हे झरे ओळीनं लागलेत. खाली ज्वालामुखी आहे असं कुणी सांगेल, तर मानू नका. इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खूप खोल उतरतं. जमिनीत किलोमीटरभर खाली गेलं की पंचवीस-तीस अंश ऊब वाढते. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेनं वर येतं. या भेगा उत्तर-दक्षिण धावतात, म्हणून ही ओळ.

थर्मामीटर प्रयोगशाळेतला, 110 अंशांचा घ्या. तापाचा नको, तो 42 च्या पुढे फुटतो. दोरा बांधून उगमापाशी सोडा, मग पाणी वाहून जातं तिथं. आरवलीला साधारण 40 अंश भरतात. पुढं तुरळला साठीच्या आसपास. वीस अंशांचा फरक, तोही थोड्याच अंतरात! पाणी निवत जातं तसा दगडावरच्या शेवाळाचा रंग बदलतो, तोही बघा.

म्हणूनच तुरळला थेट उगमात हातपाय घालू नका. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. मुलांचा हात सोडू नका, पायऱ्या बुळबुळीत असतात. आरवलीला पाय बुडवून अंदाज घ्या, दहा मिनिटांत बाहेर या. रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर नुसतं काठावर बसा. चांदीचे पैंजण, अंगठ्या घरीच ठेवा. पाण्यातल्या गंधकानं काळ्या पडतात. आणि साबण अजिबात नको. कपडे धुवायची ती जागा नाही. फेस तरंगताना दिसला की मला अजून वाईट वाटतं.

तुरळहून राजवाडी जवळच. सोमेश्वराच्या देवळातलं लाकडी कोरीवकाम बघायला तासभर ठेवा.

राजापूर त्याच दिवशी करू नका, मुक्काम करा. तिथल्या उन्हाळे गावात गोमुखातून कोमट पाणी बारमाही पडतं. वरच्या टेकडीवरची गंगा, म्हणजे चौदा कुंडांत वर येणारं झऱ्याचं पाणी, मात्र ठरवून भेटत नाही. साधारण तीन वर्षांनी येते, काही आठवडे राहते, मग चौदाही कुंडं कोरडी. जमिनीखाली सायफनसारखी पोकळी भरते आणि रिकामी होते, असं मानतात. निघण्याआधी राजापुरात कुणालाही विचारा, “गंगा आली का?” आली असेल तर प्रत्येक कुंडात थर्मामीटर बुडवा आणि आकडे तिथल्या तिथं वहीत उतरवा.