शो रन बघितलं, तरी फसलात? राउटरचं कॉन्फिग बघताना या चुका टाळा

गणपतीच्या आदल्या आठवड्यातला सोमवार. लोअर परळच्या एका ऑफिसातून आमच्या पोराचा फोन आला. "दादा, शो रन मारलं. नव्या शाखेचा टनेलच नाहीये त्यात. कोणीतरी उडवलाय."

"शो रन" म्हणजे राउटरचं कॉन्फिग, म्हणजे त्याला दिलेली सगळी सेटिंग्ज, दाखवणारी कमांड. टनेल म्हणजे दोन शाखांना जोडणारा खासगी रस्ता. कोणी काही उडवलं नव्हतं. रविवारी इमारतीच्या दुरुस्तीसाठी वीज बंद होती. यूपीएसने तग धरला तेवढा धरला, मग मान टाकली. वीज आल्यावर राउटर उठला, पण तीन आठवडे मागे जाऊन बसला. टनेल केल्यापासून पोराने शो रन पन्नास वेळा तरी बघितलं असेल आणि दर वेळी टनेल जागच्या जागी दिसला असेल. फक्त तो जे बघत होता ते सगळं रॅममध्ये होतं.

पुढे जाण्याआधी एक सांगतो. कमांड इथे मी देवनागरीत लिहितोय, कारण फोनवर आम्ही त्या अशाच एकमेकांना ओरडून सांगतो. टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या. आणि बहुतेक उदाहरणं सिस्को कंपनीच्या राउटरमधल्या आयओएस या ऑपरेटिंग सिस्टीमची आहेत, बाकीच्यांचं शेवटाकडे.

कुठलं कॉन्फिग बघताय?

सिस्कोच्या राउटरमध्ये कॉन्फिगच्या दोन प्रती असतात. "शो रनिंग-कॉन्फिग" दाखवतं ती आत्ता चालू असलेली, रॅममधली. "शो स्टार्टअप-कॉन्फिग" दाखवतं ती एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, जपलेली. वीज गेली की पहिली पुसली जाते आणि उठताना राउटर दुसरी वाचतो. बदल केला की तो लगेच लागू होतो, म्हणून काम झालं असं वाटतं. "कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग" किंवा जुन्या लोकांचं लाडकं "राइट मेमरी" मारेपर्यंत ते अर्धंच झालेलं असतं.

दोन्हींत फरक आहे का हे डोळ्यांनी ताडून बघत बसू नका. "शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस" मारा. पुढे काही न लिहिता मारली तर ही कमांड याच दोन प्रतींची तुलना करून अधिक-उणे चिन्हांसह फरक दाखवते. त्याहून सोपी खूण शो रनच्या अगदी डोक्यावर असते. तिथे कॉन्फिग शेवटचं कधी बदललं आणि एनव्हीरॅममध्ये शेवटचं कधी लिहिलं, या दोन वेळा छापलेल्या असतात. पहिली वेळ दुसरीच्या नंतरची असेल तर काहीतरी सेव्ह व्हायचं राहिलं असण्याची शक्यता धरा. शक्यता एवढ्यासाठी म्हणतो की कोणी नुसतं कॉन्फिग मोडमध्ये जाऊन बाहेर आलं, तरी ती पहिली वेळ बदलते. आणि तिथे १ मार्च १९९३ च्या आसपासची तारीख दिसली तर राउटर तेव्हाचा आहे असं समजू नका. घड्याळ लावलेलं नसलं की बरेच सिस्को राउटर तिथूनच मोजायला सुरुवात करतात. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावा, "क्लॉक टाइमझोन" मध्ये ५ आणि ३० द्या, म्हणजे या वेळा वाचताना साडेपाच तासांची आकडेमोड करावी लागणार नाही.

आता याच्या उलट चूक. फरक दिसला की पोरं घाईने राइट मेमरी मारतात. थांबा! आधी काय बदललंय ते वाचा. रात्री कोणी काही करून बघितलं असेल आणि त्यानेच लाइन पडली असेल, तर सेव्ह करून तुम्ही तो बिघाड कायमचा कराल. न सेव्ह केलेलं कॉन्फिग कधीकधी आपला जीवही वाचवतं. बोरिवलीला बसून फोर्टमधल्या राउटरची अॅक्सेस-लिस्ट (कोणाला आत सोडायचं ते ठरवणारी यादी) बदलायची असेल तर बदलाच्या आधी "रिलोड इन १०" लावून ठेवा. स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंत तर दहा मिनिटांनी राउटर रिस्टार्ट होईल आणि जुनी प्रत वाचून उठेल. शेवटची लोकल पकडावी लागणार नाही. सगळं नीट झालं तर मात्र "रिलोड कॅन्सल" विसरू नका. हे विसरून भर दुपारी अख्खं ऑफिस बंद पाडल्याचा अनुभव माझ्याही गाठीशी आहे.

प्रॉम्प्टकडे बघा

प्रॉम्प्ट म्हणजे ओळीच्या सुरुवातीला राउटरच्या नावापुढे येणारं चिन्ह. ते मोठ्याचं (>) असेल तर तुम्ही अजून ओसरीवर आहात. तिथे शो रन मारलं की "इनव्हॅलिड इनपुट" येतं आणि लोक स्पेलिंग तपासत बसतात. "इनेबल" करून हॅशवर (#) या. कंसात "कॉन्फिग" लिहिलेलं असेल तर तुम्ही बदल करण्याच्या खोलीत आहात, तिथून बघायचं तर आधी "डू" लावा.

हे सोपं, कारण इथे राउटर निदान कुरकुर तरी करतो. खरा घात होतो तो तुमच्या लॉगिनला अधिकार कमी असतात तेव्हा. आयओएसमध्ये अधिकारांच्या ० ते १५ पातळ्या आहेत. मधल्या कुठल्या पातळीवर तुम्हाला शो रनची परवानगी दिलेली असेल, तर कमांड बिनतक्रार चालते. पण त्या पातळीवर जे बदलण्याचा हक्क तुम्हाला आहे तेवढंच कॉन्फिग दाखवते. म्हणजे बहुतेक वेळा जवळजवळ काहीच नाही. समोर दोन-चार ओळी आणि "एंड". एरर नाही, सूचना नाही. नवा माणूस घाबरून सांगतो की राउटर कोरा झालाय. असं झालं तर पहिली कमांड "शो प्रिव्हिलेज". १५ नसेल तर राउटर कोरा आहे की तुम्हाला कोरा दिसतोय, हे तुम्ही सांगूच शकत नाही.

जे छापलेलं नाही त्यालाही अर्थ असतो

एकदा एक जण तासभर कॉन्फिगमध्ये "नो शटडाउन" ही ओळ शोधत होता. ती त्याला सापडली नाही, म्हणून पोर्ट बंद आहे असं त्याने लिहून कळवलं. ती ओळ शो रनमध्ये दिसतच नाही. पोर्ट बंद केलेला असेल तर "शटडाउन" छापलेलं दिसतं, चालू असेल तर त्याबद्दल अवाक्षर नसतं. आयओएस मूळ सेटिंग सहसा छापत नाही, वेगळं केलेलं तेवढंच छापतं. सगळं बघायचं असेल तर "शो रनिंग-कॉन्फिग ऑल" आहे. ते इतकं लांबलचक येतं की गाळल्याशिवाय वाचवत नाही.

आणि गाळण्यातही घोळ होतातच. उभ्या रेघेपुढे "इन्क्लूड" लावलं की जुळणारी ओळ येते, पण ती कोणाच्या पोटातली आहे ते येत नाही. "इन्क्लूड शटडाउन" मारून सहा ओळी आल्या, तर सहा पोर्ट बंद आहेत एवढंच कळतं. कुठले सहा? त्यासाठी "इन्क्लूड इंटरफेस", मग मध्ये जागा न सोडता उभी रेघ आणि "शटडाउन" असं लिहा, म्हणजे नाव आणि त्याखाली त्याची अवस्था दिसेल. ओएसपीएफसारख्या राउटिंग प्रोटोकॉलचा अख्खा तुकडा हवा असेल तर इन्क्लूडऐवजी "सेक्शन" वापरा. शिवाय गाळणीत कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक धरला जातो. वर्णनात कोणी "अंधेरी" कॅपिटल अक्षराने लिहिलं असेल आणि तुम्ही स्मॉल अक्षराने शोधलंत, तर उत्तर काहीच येणार नाही. राउटर इथेही गप्पच बसतो.

पानाच्या तळाशी "मोर" येतं त्याने वैतागला असाल तर "टर्मिनल लेंग्थ ०" द्या. ते त्या सेशनपुरतंच टिकतं, त्यामुळे बिनधास्त द्या. पण त्याआधी पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सेशन लॉग चालू करा, नाहीतर लांब कॉन्फिगचा वरचा भाग स्क्रीनवरून निघून जातो आणि परत सापडत नाही.

कॉन्फिग निर्दोष, लाइन मेलेली

पावसाळ्यात हे मुंबईत कोणालाही अनुभवायला मिळतं. चेंबरमध्ये पाणी शिरतं, कुठेतरी खोदकामात फायबर तुटतं आणि इकडे आमचा माणूस कॉन्फिगची ओळ न् ओळ वाचत बसतो. कॉन्फिग म्हणजे राउटरला काय सांगून ठेवलंय ते. तो आत्ता काय करतोय हे त्यात नसतं. पोर्टला "आयपी अॅड्रेस डीएचसीपी" (पत्ता आपोआप मिळव) असेल तर कॉन्फिगमध्ये हे तीन शब्दच दिसतील, मिळालेला पत्ता दिसणार नाही. तो "शो आयपी इंटरफेस ब्रीफ" मध्ये बघायचा. तिथे "अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन" असेल तर माणसाने बंद केलंय. नुसतं "डाउन डाउन" असेल तर वायर, मॉड्यूल किंवा समोरचं उपकरण बघा.

आणि "अप अप" असलं तरी हुरळून जाऊ नका. बऱ्याच ऑफिसांत फायबर थेट राउटरमध्ये येत नाही. रॅकमध्ये प्रोव्हायडरचा छोटा मीडिया कन्व्हर्टर असतो आणि त्यातून तांब्याची पॅच कॉर्ड राउटरला जोडलेली असते. बाहेर फायबर तुटला तरी या दीड फुटाच्या कॉर्डवरची लिंक जिवंत राहू शकते. राउटर म्हणतो, माझं सगळं ठीक आहे. खरी परीक्षा म्हणजे समोरच्या गेटवेला, म्हणजे प्रोव्हायडरच्या राउटरला, पिंग (उत्तर येतं का ते बघणं) आणि "शो आयपी एआरपी" मध्ये त्याचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा, पत्ता. तो "इनकम्प्लीट" दिसला तर कॉन्फिग मिटा आणि तक्रार नोंदवायला फोन उचला.

स्क्रीनच काळी

कन्सोल म्हणजे केबल लावून थेट राउटरशी बोलायची जागा. तिच्या पोर्टचा आकार नेटवर्कच्या पोर्टसारखाच असतो, त्यामुळे निळी चपटी केबल भलत्याच भोकात घातलेली मी असंख्य वेळा बघितली आहे. वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल बंद. वेग चुकला तर कचरा अक्षरं येतात. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरबोर्डवर तो बहुधा ११५२०० असतो. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीची केबल घेणार असाल तर सगळ्यात स्वस्त उचलू नका. साइटवर ड्रायव्हर शोधत बसण्यात वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त वेळ जातो. आणि हो, सगळं जोडून झालं की एकदा एंटर दाबा. कन्सोल आपणहून बोलत नाही.

शब्द चुकवलात आणि राउटर "ट्रान्सलेटिंग" म्हणत थिजला, तर तो तुमच्या चुकलेल्या शब्दाला कुठल्यातरी मशीनचं नाव समजून डीएनएसला (नावांवरून पत्ते सांगणाऱ्या सेवेला) विचारतोय. कंट्रोल-शिफ्ट-६ दाबून सोडवा. "नो आयपी डोमेन-लुकअप" हा सगळ्यांना पाठ असलेला उपाय राउटरची नावं शोधण्याची सोयच बंद करतो. त्यापेक्षा कन्सोल आणि व्हीटीवाय (लांबून लॉगिन करायच्या) लाइनवर "ट्रान्सपोर्ट प्रिफर्ड नन" मला बरं वाटतं.

स्टार्टअप भरलेलं, रनिंग रिकामं

वीज जाऊन आल्यावर राउटर खरोखर कोरा उठला, पण शो स्टार्टअपमध्ये मात्र सगळं शाबूत आहे, असं दिसलं तर "शो व्हर्जन" ची शेवटची ओळ वाचा. तिथे कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राउटरने कसं उठायचं ते ठरवणारा आकडा, असतो. नेहमीची किंमत झिरो एक्स २१०२. झिरो एक्स २१४२ असेल तर कोणीतरी कधीतरी पासवर्ड रिकव्हरी करून रजिस्टर पूर्ववत करायला विसरलंय, आणि राउटर उठताना जपलेली प्रत मुद्दामच वाचत नाहीये.

अशा वेळी चुकूनही राइट मेमरी मारू नका. कोरं कॉन्फिग भरलेल्यावर लिहिलं जाईल. "कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग" करा, दिशा दोनदा वाचा. त्यानंतर सगळे पोर्ट बंदच राहतात आणि लोक पुन्हा गोंधळतात. वर सांगितलेली न छापलेली ओळ इथे नडते. जपलेल्या प्रतीत "नो शटडाउन" लिहिलेलं नसतं, त्यामुळे कोऱ्या राउटरवर बंद असलेले पोर्ट कॉपीने उघडत नाहीत. प्रत्येकावर जाऊन हाताने द्यावं लागतं. मग रजिस्टर २१०२ करा आणि आता सेव्ह करा.

दुसऱ्या कंपनीचा राउटर, दुसरा कायदा

ज्युनिपरवर सिस्कोची सवय उलटते. तिथे एडिट मोडमधलं "शो" तुमचा कच्चा मसुदा दाखवतं आणि "कमिट" होईपर्यंत तो लागू झालेला नसतो. फरक बघायला "शो", उभी रेघ, "कम्पेअर". लांबून काम करताना "कमिट कन्फर्म्ड". दहा मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही तर बदल आपोआप मागे जातो. मायक्रोटिकमध्ये सेव्ह करणं हा प्रकारच नाही, बदल तिथल्या तिथे पक्का होतो. म्हणून आधी कंट्रोल-एक्सने सेफ मोड (कनेक्शन तुटलं तर बदल मागे घेणारा) घ्या. कॉन्फिग बघायला "एक्स्पोर्ट". आवृत्ती ७ मध्ये पासवर्डसारख्या गोष्टी त्यात आपसूक लपवल्या जातात, ६ मध्ये सांगितल्याशिवाय लपत नाहीत.

यावरून आठवलं. सिस्कोवर पासवर्डच्या आधी ७ हा आकडा दिसला तर तो झाकलेला आहे, सुरक्षित नाही. क्षणात उलगडतो. टनेलची किल्ली तर बऱ्याचदा उघडीच छापलेली असते. कॉन्फिग कोणालाही पाठवण्याआधी किल्ल्या, एसएनएमपीची कम्युनिटी (देखरेखीच्या सोयीचा पासवर्डच) आणि बाहेरचे आयपी पत्ते खोडा.

लोअर परळच्या पोराने ते केलं नव्हतं. टनेल उभा केला त्या रात्री आनंदाच्या भरात त्याने अख्खं शो रन आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं होतं, किल्लीसकट. सोमवारी आम्ही तेच वर सरकवून शोधून काढलं, टनेलच्या ओळी उचलून पुन्हा टाकल्या, आणि दुपारी दोनला शाखा जोडली गेली. राइट मेमरी मी त्याला फोनवर मोठ्याने वाचून दाखवायला लावली. ग्रुपवर चाळीस माणसं होती, त्यातली तीन नोकरी सोडून गेलेली, म्हणून किल्ली बदलणं भाग होतं. पण पलीकडच्या शाखेचं बघणारा माणूस त्याच संध्याकाळी गणपतीला गावी निघाला होता, तो गौरी-विसर्जन करूनच परतला.