मॅक्रोफेज पेशींना ऊतींच्या दुरुस्तीकडे वळवणारे जैवसाहित्य कसे घडवावे

शरीरात बसवलेल्या कोणत्याही जैवसाहित्याचे पुढे काय होणार, हे मुख्यतः रोगप्रतिकारक पेशी ठरवतात. साहित्याचा रक्ताशी संपर्क येताच त्यावर प्रथिनांचा थर बसतो, काही तासांत न्यूट्रोफिल पेशी पोहोचतात, आणि त्यांच्यामागून आलेल्या मोनोसाइट पेशींचे मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे मोठ्या भक्षक पेशींमध्ये, रूपांतर होते. या पेशींना ते साहित्य पचवता आले नाही, तर त्या एकमेकींत मिसळून महापेशी बनतात आणि काही आठवड्यांत साहित्याभोवती कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे घट्ट आवरण तयार होते. इल्या मेच्निकोव्ह यांनी 1882 मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या पाहिल्या, तेव्हा ते याच प्रतिसादाची सुरुवात पाहत होते. ज्या पेशी हे आवरण घडवतात त्याच पेशी रक्तवाहिन्या आणि नव्या ऊतीही घडवून आणू शकतात. त्यांना त्या कामाकडे कसे वळवावे, हे ऊती अभियांत्रिकीत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी येथे मांडले आहे.

आरंभीच एक गोष्ट पक्की करावी: दाह पूर्णपणे दडपून टाकणे हे आपले उद्दिष्ट नाही. अभ्यासाच्या सोयीसाठी मॅक्रोफेजच्या दाहकारक अवस्थेला एम-1 आणि दुरुस्तीस अनुकूल अवस्थेला एम-2 म्हणतात. प्रत्यक्ष जखमेत मात्र या दोन टोकांच्या मधल्या अनेक अवस्था एकाच वेळी आढळतात. एम-1 पेशी मृत पेशी आणि जंतू साफ करतात व नव्या रक्तवाहिन्यांना फुटण्याचा संदेश देतात, तर त्या वाहिन्या स्थिर करण्याचे आणि नव्या ऊतीची बांधणी करण्याचे काम एम-2 कडे झुकलेल्या पेशी करतात. म्हणून दाह सुरू व्हावा, पण वेळेवर ओसरावा, अशा रीतीने साहित्याची आखणी करावी.

कोणताही संकेत-रेणू विकत घेण्यापूर्वी साहित्याची शुद्धता तपासावी, कारण माझ्या मते या क्षेत्रातील फसव्या निष्कर्षांचे सर्वांत मोठे मूळ येथेच आहे. जिवाणूंच्या आवरणातून येणारे एंडोटॉक्सिन अत्यल्प प्रमाणातही मॅक्रोफेजना एम-1 कडे ढकलते, आणि नेहमीच्या वाफेच्या निर्जंतुकीकरणाने ते नष्ट होत नाही. जिवाणूंमध्ये तयार केलेली प्रथिने, तसेच अल्जिनेट आणि कायटोसनसारखे नैसर्गिक बहुवारिक (पॉलिमर) वापरताना प्रत्येक नव्या खेपेची एलएएल चाचणी, म्हणजे एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी, करावी. रक्ताच्या संपर्कात येणाऱ्या उपकरणांसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने प्रति उपकरण 20 एंडोटॉक्सिन एककांची मर्यादा घातली आहे, परंतु पेशींवरील प्रयोगांत याहून पुष्कळ कमी मात्राही निकाल बिघडवू शकते.

प्राण्यांच्या ऊतीतून पेशी काढून टाकून उरलेला बाह्यपेशीय सांगाडा (पेशींबाहेरील प्रथिनांची जाळी) वापरणार असाल, तर पेशींचे अवशेष हा तसाच धोका आहे. कोरड्या वजनाच्या प्रति मिलिग्रॅममागे 50 नॅनोग्रॅमपेक्षा कमी दुपदरी डीएनए असावा आणि उरलेले तुकडे 200 बेसजोड्यांपेक्षा लहान असावेत, हा निकष सर्वत्र वापरला जातो. सांगाडा अधिक टिकावा म्हणून त्याला ग्लुटराल्डिहाइड या प्रथिने जोडणाऱ्या रसायनाने घट्ट बांधण्याचा मोह टाळावा, कारण अशा सांगाड्याचे विघटन रोखले जाते, आणि मॅक्रोफेजना दुरुस्तीकडे वळवणारे संकेत तर त्या विघटनातूनच मोकळे होत असतात. पिट्सबर्गच्या स्टीफन बॅडिलॅक यांच्या गटाने 2012 मध्ये अशा 14 शस्त्रक्रियेच्या जाळ्यांची उंदरांमध्ये तुलना केली, तेव्हा सुरुवातीच्या काळातील एम-2 आणि एम-1 पेशींच्या गुणोत्तरावरून पुढे ऊती कशी घडेल याचा अंदाज करता आला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून याच पद्धतीने त्वचेच्या जखमांसाठी सांगाडा विकसित केला असून त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आहे.

यानंतर रचनेकडे वळावे. वॉशिंग्टन विद्यापीठातील बडी रॅटनर यांच्या गटाने दाखवून दिले की सुमारे 30 ते 40 मायक्रोमीटर व्यासाची, एकसारखी आणि एकमेकांना जोडलेली छिद्रे असली की आवरण पातळ राहते आणि रक्तवाहिन्या अधिक शिरतात. पेशीचा आकारसुद्धा संकेताचे काम करतो. वेंडी लिऊ यांच्या गटाच्या 2013 मधील प्रयोगांत अरुंद पट्ट्यांवर लांबट झालेल्या उंदरांच्या मॅक्रोफेज कोणतेही सायटोकाइन (पेशींमधले संदेशवाहक प्रथिन) न घालता एम-2 कडे झुकल्या. म्हणून छिद्रे आणि तंतू यांची मापे आधी ठरवून घ्यावीत आणि औषधी रेणूंची भर त्यानंतरच घालावी.

रेणू घालायचेच असतील, तर मात्रेइतकाच वेळेचा विचार करावा. ड्रेक्सेल विद्यापीठातील कारा स्पिलर यांच्या गटाने हाडापासून बनवलेल्या सांगाड्यावर एम-1 कडे ढकलणारे इंटरफेरॉन-गॅमा नुसते शोषवून ठेवले आणि एम-2 कडे वळवणारे इंटरल्यूकिन-4 बायोटिन व स्ट्रेप्टॅव्हिडिन या एकमेकांना घट्ट चिकटणाऱ्या रेणूंच्या बंधाने धरून ठेवले. पहिले लवकर सुटावे आणि दुसरे सावकाश, असा हेतू होता. उंदरांमध्ये मात्र रक्तवाहिन्यांची वाढ झाली ती केवळ इंटरफेरॉन-गॅमा असलेल्या सांगाड्यात. दोन्ही रेणू असलेल्या सांगाड्यात ती तशी दिसली नाही, आणि दोघांचा स्राव सुरुवातीलाच एकमेकांवर चढला हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. यावरून प्रत्येक रेणूचा स्राव किती दिवस व कोणत्या दराने होतो, हे प्राण्यांवरील प्रयोगापूर्वी परीक्षानळीत मोजून घ्यावे, आणि दुसऱ्या रेणूचा आरंभीचा स्राव जवळजवळ शून्य असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

परीक्षणात एकाच खुणेवर विसंबू नये. आर्जिनेज-1 हे विकर उंदरांच्या एम-2 पेशींत ठळक दिसते, पण मानवी मॅक्रोफेजमध्ये ती खूण विश्वसनीय नाही. तेथे सीडी-206 व सीडी-163 या पेशीपृष्ठावरील प्रथिनांसारख्या अनेक खुणा आणि स्रवलेली सायटोकाइन्स एकत्र पाहावीत. टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा आणखी एक प्रकार) नसलेल्या प्राण्यांमध्ये मिळालेल्या निकालांवरही सावधपणे विचार करावा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जेनिफर एलिसीफ यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवले की स्नायूंच्या मोठ्या जखमेत सांगाड्याने घडवलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रकारच्या साहाय्यक टी पेशींवर (टीएच-2) अवलंबून असते, आणि त्या नसल्यास मॅक्रोफेजही अपेक्षेप्रमाणे वळत नाहीत. नमुने किमान तीन टप्प्यांवर घ्यावेत: पहिल्या काही दिवसांत, साधारण दोन आठवड्यांनी आणि आवरण तयार होण्याचा काळ उलटल्यावर. साहित्य मधुमेहाच्या जखमांसाठी असेल, तर निरोगी तरुण उंदरांतील यश पुरेसे मानू नये. त्या जखमांत मॅक्रोफेज दाहकारक अवस्थेतच अडकून राहतात, त्यामुळे एम-1 कडून एम-2 कडे वळण्याचे वेळापत्रक मधुमेही प्राण्यांमध्ये नव्याने मोजून त्यानुसार रेणूंचा स्राव बदलावा.