विकास आराखड्यावर हरकत कशी नोंदवावी : रहिवाशांसाठी मार्गदर्शन

वस्तीजवळच्या मोकळ्या जागेला पत्र्याचे कुंपण पडते, पाठोपाठ जेसीबी येतो आणि मग रहिवासी एकत्र जमून इथे नेमके काय होणार आहे याची चौकशी करू लागतात, हा क्रम महाराष्ट्रातील बहुतेक शहरांना परिचयाचा आहे. त्या टप्प्यावर महापालिकेकडून मिळणारे उत्तरही ठरलेले असते. आराखड्यात तसे दाखवलेले होते, आराखडा रीतसर प्रसिद्ध झाला होता आणि हरकतींची मुदत केव्हाच संपली आहे, असे ते उत्तर. ते ऐकून संताप येतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते बहुधा बरोबर असते. कुंपण पडण्याआधी, केवळ कागद आणि नकाशा हाताशी असताना रहिवाशांना काय करता येते, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे?

शहराची वाढ कुठे व कशी व्हावी हे विकास आराखड्यातून ठरते आणि तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार तयार होतो. कोणती जमीन रहिवासासाठी, कोणती उद्योगासाठी, शाळा कुठे, मैदान कुठे, रस्ता किती रुंद, हे सर्व त्यात दाखवलेले असते. या कायद्याप्रमाणे आराखड्याची सुधारणा वीस वर्षांतून किमान एकदा व्हावी लागते. प्रत्यक्षात हे काम बरेच लांबत असल्याने एका पिढीला ही संधी फार तर दोनदा मिळते. त्यामुळे आपल्या शहराचा आराखडा आज कोणत्या टप्प्यावर आहे, हे नगररचना विभागात जाऊन विचारणे ही पहिली पायरी आहे.

टप्पे ढोबळमानाने असे आहेत. महापालिका किंवा नगरपरिषद कलम २३ अन्वये आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते. त्यानंतर कलम २५ नुसार शहराचे सर्वेक्षण होऊन विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो. त्यावर आधारलेला प्रारूप आराखडा कलम २६ अन्वये प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. पुढे नियोजन समिती सुनावणी घेऊन अहवाल देते, त्यानुसार बदल होतात आणि आराखडा मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. शासनाला त्यात मोठे बदल करायचे असतील तर तेवढाच भाग मंजुरीतून वगळून पुन्हा प्रसिद्ध केला जातो व त्यावर नव्याने हरकती मागवल्या जातात. आपली हरकत पहिल्या फेरीत मान्य झाली म्हणून निर्धास्त झालेल्या अनेकांचे लक्ष या दुसऱ्या फेरीकडे राहत नाही.

हरकतीची मुदत महिना-दोन महिन्यांचीच असते. ती ऐकीव माहितीवर धरू नये. राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापलेल्या नोटिशीत जी तारीख आहे तीच खरी. ही नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत आणि बारीक अक्षरांत येत असल्याने, वस्तीतील एका व्यक्तीने दर आठवड्याला महापालिकेचे संकेतस्थळ पाहण्याची जबाबदारी घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळ्या उठाठेवीतील सर्वांत मोलाचे कामही हेच आहे.

विद्यमान जमीन वापर नकाशा

माझ्या मते रहिवाशांनी सर्वाधिक वेळ द्यावा तो या टप्प्याला. आज जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे, हे या नकाशात नोंदलेले असते आणि पुढचा संपूर्ण आराखडा त्यावरच उभा राहतो. मुलांच्या तीन पिढ्या ज्या मैदानावर खेळल्या ते मैदान या नकाशात ‘रिक्त भूखंड’ म्हणून नोंदले गेले, तर पुढचा नियोजनकार तिथे निःशंकपणे दुसरे काही दाखवू शकतो. तो दुष्टपणे वागत नसतो, त्याच्यासमोरच्या कागदावर ती जागा रिकामीच असते.

अशा चुका किती दूरवर जातात हे मुंबईने अनुभवले आहे. २०३४ पर्यंतच्या मुंबईसाठी तयार झालेला प्रारूप आराखडा २०१५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला, तेव्हा उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते आणि चुकीच्या नोंदी झालेल्या वास्तू यांची उदाहरणे नागरिकांनी गल्लोगल्लीतून पुढे आणली. हरकतींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य शासनाने आराखडा नव्याने तपासून दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि अंतिम आराखडा लागू व्हायला २०१८ उजाडले. एवढ्या मोठ्या यंत्रणेला मागे फिरावे लागले, यामागे आंदोलनाचा आवाज होताच, पण त्याहून अधिक बळ ‘अमुक क्रमांकाच्या भूखंडावर तमुक इमारत आहे आणि नकाशात ती नाही’ अशा तपासता येण्याजोग्या तपशिलांचे होते.

हे काम करण्याची पद्धत साधी आहे. प्रभागाच्या नकाशाची मोठ्या आकारातील छापील प्रत घ्यावी, तिचे चार-पाच तुकडे करावेत आणि दोघा-दोघांच्या जोड्यांनी एकेका तुकड्यात पायी फिरावे. एकाने नकाशा धरावा, दुसऱ्याने नोंद करावी. मैदाने, विहिरी, नाले, ओढे, जुनी झाडे, दवाखाने, अंगणवाड्या, स्मशानभूमी, मंडई, फेरीवाल्यांच्या बसण्याच्या जागा, बसथांबे आणि पावसाळ्यात पाणी तुंबणारी ठिकाणे यांची नोंद व्हावी. प्रत्येक विसंगतीचे छायाचित्र तारखेसह काढावे. नाल्यांकडे विशेष लक्ष द्यावे. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओढा सर्वेक्षणात सहज निसटतो आणि पुढे त्याच्यावर इमारत उभी राहिल्यावर पाणी शेजाऱ्यांच्या तळमजल्यात शिरते. वस्तीतील वृद्ध मंडळींना आवर्जून सोबत घ्यावे, कारण कोणती जागा कोणाची होती आणि पाणी कुठून वाहायचे याची माहिती कोणत्याही दप्तरापेक्षा त्यांच्याकडे अधिक असते.

प्रारूप आराखडा वाचताना

प्रारूप आराखडा पाहणीसाठी खुला ठेवणे आणि त्याच्या प्रती वाजवी दराने उपलब्ध करून देणे हे महापालिकेवर बंधनकारक आहे, तेव्हा कार्यालयात संकोचाने उभे राहण्याचे कारण नाही. नकाशावर सर्वसाधारणपणे पिवळा रंग रहिवासी विभागाचा, निळा वाणिज्य विभागाचा आणि जांभळा औद्योगिक विभागाचा असतो. तरीही प्रत्येक नकाशासोबतची सूची आधी वाचावी, कारण छटा आणि चिन्हे बदलतात. शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेला आरक्षण म्हणतात आणि अशा आरक्षणांना क्रमांक दिलेले असतात. कोणते आरक्षण कशासाठी, क्षेत्र किती आणि ते कोणी विकसित करायचे याची यादी नकाशासोबतच्या अहवालात असते. नुसता नकाशा पाहून परतलेला माणूस निम्मेच पाहून आलेला असतो.

जुना आराखडा शेजारी ठेवून वाचन करावे. जुन्या आराखड्यात असलेले पण नव्यात नसलेले आरक्षण शोधणे हे नवे आरक्षण शोधण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण उडालेले मैदान नकाशावर दिसत नाही. त्यानंतर जागेची ओळख पक्की करावी. शहरी भागात नगर भूमापन क्रमांक आणि मिळकत पत्रिका, तर गावठाणाबाहेर सर्व्हे किंवा गट क्रमांक आणि सातबारा उतारा पाहावा. पुढच्या सर्व पत्रव्यवहारात ‘गणपती मंदिरामागचे मैदान’ असे लिहून चालत नाही, क्रमांकच लिहावा लागतो.

हरकत लिहिणे

हरकत लिहिताना भावना आवरत्या घ्याव्यात. नियोजन समितीसमोर हजारो अर्ज असतात आणि प्रत्येकावर काही मिनिटेच खर्च होतात. एका अर्जात एकच मुद्दा मांडावा. मैदान, रस्ता आणि सांडपाणी असे तीन विषय असतील तर तीन स्वतंत्र अर्ज करावेत, अन्यथा एका मुद्द्यावर निर्णय देऊन उरलेले दोन निकाली निघतात. हरकतीचा मजकूर साधारण असा असावा :

‘प्रारूप विकास आराखड्यातील अमुक पत्रकात, अमुक नगर भूमापन क्रमांकाच्या भूखंडातून १२ मीटर रुंदीचा रस्ता प्रस्तावित केला आहे. या रेषेत महापालिकेच्याच शाळेची वापरात असलेली इमारत येते. तिचे छायाचित्र व मिळकत पत्रिका सोबत जोडली आहे. विद्यमान जमीन वापर नकाशात ही इमारत दाखवलेली नाही. सदर रस्ता भूखंडाच्या पूर्व हद्दीलगत वळवल्यास इमारत वाचते व वाहतुकीची जोडणीही कायम राहते. तसा कच्चा नकाशा सोबत आहे. तरी प्रस्तावित रेषेत त्याप्रमाणे बदल करावा व मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.’

यात जागेचा क्रमांक, वस्तुस्थिती, पुरावा, पर्याय आणि मागणी एवढेच आहे. पर्याय सुचवणे कायद्याने आवश्यक नाही, परंतु निव्वळ विरोधापेक्षा पर्यायासह आलेली हरकत समितीला स्वीकारणे सोपे जाते. मात्र आपल्या दारातली अडचण दुसऱ्या वस्तीच्या दारात नेऊन ठेवणारा पर्याय सुचवू नये. त्या वस्तीचीही हरकत येते आणि दोन्ही अर्ज एकमेकांना निष्प्रभ करतात. आरक्षणाच्या जागेवर झोपडवस्ती असेल तर तिथल्या कुटुंबांशी आधी बोलावे. त्यांना वगळून केलेली ‘रहिवाशांची मागणी’ अपुरी असते आणि समितीलाही ते कळते.

छापील मजकुराखाली शेकडो सह्या घेण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण एकसारखे अर्ज एकाच गठ्ठ्यात घालून त्यांवर एकच निर्णय दिला जातो. पाचशे सह्यांपेक्षा वेगवेगळ्या पुराव्यांचे वीस अर्ज अधिक उपयोगी पडतात. अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. ही पोच नसेल तर आपण हरकत घेतली होती हे सिद्ध करता येत नाही.

सुनावणी

हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. ज्याने हरकत नोंदवली आहे त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे समितीवर बंधनकारक आहे. वाजवी म्हणजे व्यवहारात तीन-चार मिनिटे. त्यामुळे बोलण्यासाठी एकच व्यक्ती ठरवावी, पहिल्याच वाक्यात क्रमांक व मागणी सांगावी आणि नकाशाची मोठी प्रत टेबलावर उघडून ठेवावी. सर्वांनी मिळून बोलू लागल्यास वेळ संपतो आणि नोंद काहीच होत नाही. दुसऱ्याच दिवशी ‘सुनावणीत मांडलेले मुद्दे’ म्हणून एक पानी पत्र समितीला द्यावे व त्याचीही पोच घ्यावी.

आराखडा मंजूर झाल्यानंतर

मंजूर आराखड्यातही कलम ३७ खाली फेरबदल करता येतो. मैदानाचे आरक्षण बदलून वाणिज्य वापर करण्यासारखे प्रस्ताव याच वाटेने येतात. त्यांच्या नोटिशीवर हरकतींसाठी एक महिना असतो. हा फेरबदल आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणारा नसावा, अशी अट कलमातच आहे आणि मोठ्या आरक्षणांच्या बाबतीत हा मुद्दा लेखी मांडावा.

त्याहून निसटती बाब कलम १२७ ची आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित खासगी जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या चोवीस महिन्यांत भूसंपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होते. म्हणजे नकाशावर हिरवे दिसणारे उद्यान, कोणताही फेरबदल न होता, केवळ मुदत उलटल्यामुळे हातचे जाते. मालकाचाही दोष नसतो, त्याची जमीन मोबदल्याविना अडकून पडलेली असते. रहिवाशांनी प्रभागातील अशा नोटिशांची यादी मागवावी आणि संपादनासाठी पुढील अंदाजपत्रकात तरतूद व्हावी म्हणून नगरसेवकांकडे व आयुक्तांकडे पाठपुरावा करावा.

यादी मिळवण्याचे साधन म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि मजकूर साधारणतः १५० शब्दांत बसवावा लागतो. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, न मिळाल्यास प्रथम अपील करता येते. अर्जात ‘का’ असा प्रश्न विचारू नये, कागद मागावा. ‘आरक्षण का विकसित झाले नाही’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘अमुक आरक्षण क्रमांकाबाबत कलम १२७ खाली प्राप्त नोटीस व तिच्यावरील कार्यवाहीच्या टिपणीची प्रत’ मात्र द्यावी लागते.

लहान कामांसाठी अंदाजपत्रकाची वाट वेगळी आहे. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, दिवे, बाक, स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामे त्यातून सुचवता येतात. झाडांबाबत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. तोडीची नोटीस झाडावरच चिकटवली जाते आणि हरकतीला जेमतेम आठवडाभर मिळतो, म्हणून ती दिसताच तिचे छायाचित्र काढून त्याच दिवशी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा.

या सर्व कामात जमलेले नकाशे, पोचपावत्या, छायाचित्रे आणि उत्तरे एका जाड फाइलमध्ये तारखेनुसार लावावीत, त्यांची स्कॅन केलेली प्रत दोघांकडे असावी आणि सोसायटीची किंवा मंडळाची कार्यकारिणी बदलताना ती फाइल नव्या सचिवांच्या हाती देऊन त्यांची सही घ्यावी.